तीन हत्ती आणि एक हुकूम

नेहरूंनी जपानच्या मुलांना हत्तीण भेट दिली, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांनी ऐकलेली असते. साल १९४९. म्हैसूरकडची पंधरा वर्षांची हत्तीण, आणि तिला नेहरूंनी आपल्या लेकीचे नाव दिलेले: इंदिरा. सोबत मुलांसाठी एक पत्र होते. ही भेट माझी नव्हे, भारतातल्या मुलांनी तुम्हा मुलांना दिलेली समजा, असा त्याचा आशय. २५ सप्टेंबरला इंदिरा टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात पोहोचली आणि तिला पाहायला माणसांचा लोंढा लोटला.

मीही ही गोष्ट कितीतरी वर्षे एक गोड आठवण म्हणूनच सांगत आलो. एकदा ती सांगत असताना एका शाळकरी मुलीने विचारले, ‘‘पण त्यांच्याकडे आधी हत्ती नव्हते का?’’ मला उत्तर देता आले नाही. जपानी भाषा मला येत नाही. त्यामुळे इंग्रजीत जे उपलब्ध आहे ते मिळवून वाचत गेलो. फ्रेडरिक लिटन यांचा या विषयावरचा दीर्घ लेख आणि इयन मिलर यांचे २०१३ साली आलेले पुस्तक यांचे ऋण आधीच मान्य करतो. निष्कर्षांचे ओझे मात्र माझे.

हत्ती होते. तीन होते. जॉन आणि टोंकी हे १९२४ साली भारतातून गेलेले. तिसरी वानली, १९३५ साली सयामहून भेट म्हणून आलेली. मुले तिला हानाको म्हणत. १९४३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हे तिघेही उपासमारीने मेले. हत्तीघरात ठेवून, अन्न बंद करून त्यांना मारण्यात आले.

जपानमध्ये ही हकिकत घरोघरी माहीत आहे, ती मुख्यतः युकिओ त्सुचिया यांच्या १९५१ च्या बालकथेमुळे. कथेत रोज बॉम्ब पडत आहेत. पिंजरे फुटले तर हिंस्र जनावरे शहरात मोकाट सुटतील, म्हणून ती मारावी लागतात. रखवालदार रडत आहेत, भुकेले हत्ती सोंड उंचावून आपले शिकवलेले खेळ करून दाखवत आहेत आणि वर विमाने घोंघावत आहेत. दोष कुणाचा? युद्धाचा. कथा जगभर गेली, कितीतरी भाषांत वाचली गेली, आणि ती वाचून डोळ्यांत पाणी आले नाही असा माणूस विरळा. माझ्याही आले.

पण तारखा पाहा. मारण्याचा हुकूम निघाला १६ ऑगस्ट १९४३ रोजी. त्याआधी टोकियोवर एकच हवाई हल्ला झाला होता, एप्रिल १९४२ मधला डूलिटलचा, आणि तोही मूठभर विमानांचा. बी-२९ विमानांची खरी धाड सुरू झाली ती २४ नोव्हेंबर १९४४ पासून. म्हणजे हुकूम आणि बॉम्ब यांच्यात पंधरा महिन्यांचे अंतर आहे. हत्ती मेले तेव्हा टोकियोच्या आकाशात काही नव्हते. जपानमधल्याच एका बालसाहित्य-समीक्षकाने पुढे हे दाखवून दिले. कथा थांबली नाही. रडायला लावणारी गोष्ट तारखांनी थांबत नसते.

मग हुकूम कुणाचा? शिगेओ ओदाची यांचा. जपानने सिंगापूर जिंकून त्याचे नाव शोनान ठेवले, तेव्हा ओदाची तिथले महापौर होते. जुलै १९४३ मध्ये ते टोकियोचे पहिले गव्हर्नर म्हणून परतले. आघाडीकडे काय चालले आहे याची त्यांना कल्पना होती, आणि राजधानीतली माणसे अजून निर्धास्त आहेत हे त्यांना खुपले. लोकांना हलवून जागे करायचे तर काय करावे? मुलांचे लाडके प्राणी मारावेत. अभ्यासकांनी मांडलेला हा अर्थ मला पटतो, कारण पुढचे सगळे वागणे त्याच्याशी जुळते.

प्राणिसंग्रहालयाने संकटाची तयारी केलीच नव्हती, असे नाही. १९४१ मध्येच एक आराखडा तयार होता. कोणते प्राणी जास्त धोक्याचे, कुणाला किती विष, वेळ पडल्यास बंदूक, सगळे त्यात लिहिलेले. पण तो आराखडा होता धोका दाराशी आला तर काय करायचे याचा. १९४३ मध्ये दाराशी कुणी आलेले नव्हते. संचालक तादामिची कोगा सैन्यात पशुवैद्यक म्हणून गेले होते आणि कारभार साबुरो फुकुदा यांच्याकडे होता. हुकूम त्यांच्या हाती पडला. शहराने बजावले की गोळी घालायची नाही, आवाजाने लोक घाबरतील. म्हणून स्ट्रिक्निन. सिंह, वाघ, बिबटे, अस्वले; एकूण १४ जातींचे २७ प्राणी गेले.

हत्तींनी विष घातलेले बटाटे खाल्ले नाहीत. इंजेक्शनची सुई त्यांच्या कातड्यात शिरेना. जॉन आधीपासूनच दांडगा झाला होता, तो २९ ऑगस्टला मेला. वानली ११ सप्टेंबरला. टोंकी २३ सप्टेंबरला.

फुकुदांनी एक प्रयत्न केला होता. सेंदाईच्या प्राणिसंग्रहालयाशी बोलणे करून टोंकीला तिकडे हलवायचे ठरवले. सेंदाईवाले तयार होते. ओदाचींना हे कळले तेव्हा त्यांनी ते मोडून काढले. धोका एवढाच प्रश्न असता, तर टोकियोतून एक हत्ती कमी होणे ही चांगलीच बातमी होती. पण हत्ती शहराबाहेर जाऊन जगला असता, तर मुलांना काय सांगणार होते? माझ्या लेखी या एका नकारात सगळा खटला आहे.

आणि ४ सप्टेंबर. त्या दिवशी उएनोत स्मृतिसमारंभ झाला. बौद्ध भिक्षू आले, शाळकरी मुले आली, स्वतः गव्हर्नर आले. मेलेल्या प्राण्यांसाठी प्रार्थना झाल्या. वृत्तपत्रांत बातम्या आल्या, आणि मुलांनी पत्रे लिहिली ती शत्रूवर चिडून. त्या वेळी वानली आणि टोंकी जिवंत होत्या. पडदे लावून हत्तीघर झाकले होते. आपल्याच श्राद्धाच्या दिवशी त्या दोघी पडद्यामागे भुकेने उभ्या होत्या. एवढे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवून चहा करायला उठलो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

इथे एक प्रश्न उभा राहतो. रखवालदारांचे काय? फुकुदांचे काय? हुकूम मानला नसता तर काय झाले असते, हे घरात बसून मी ठरवणे सोपे आहे. पण नागोयाचे उदाहरण डोळ्यांआड करता येत नाही. तिथल्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयाचे संचालक एइइची किताओ यांनी शक्य तितके दिवस टाळाटाळ केली. तिथेही सिंह-वाघ अखेर मारावे लागले, पण माकानी आणि एल्दो हे दोन हत्ती युद्धातून जिवंत बाहेर आले. १९४९ मध्ये टोकियोची मुले त्यांतला एक मागायला नागोयाला गेली. दोघे एकमेकांना सोडेनात, तेव्हा हत्ती टोकियोला नेण्याऐवजी मुलांना हत्तींकडे नेण्यासाठी खास आगगाडी सोडण्यात आली. म्हणजे जागा होती. फार नव्हती, पण होती.

ओदाची पुढे गृहमंत्री झाले. युद्धानंतर काही काळ त्यांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवले गेले, आणि १९५३ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. त्सुचियांची कथा तेव्हा छापून दोन वर्षे झाली होती. तिच्यात त्यांचे नाव नाही.

माणसाच्या युद्धात पिंजऱ्यातले प्राणी मारणे ही काही जपानचीच खासियत नव्हे. १९३९ च्या सप्टेंबरात लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने विषारी साप मारून टाकले. १८७० च्या वेढ्यात पॅरिसने कास्टर आणि पोलक्स हे हत्ती खाल्ले. फरक आहे तो कारण लपवण्यात. पॅरिसकरांनी निदान भूक लागली म्हणून खाल्ले असे सांगितले.

सत्तर वर्षे पुढे येऊ. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी कोपनहेगन प्राणिसंग्रहालयाने मारियस नावाचा दीड वर्षाचा, धडधाकट जिराफ मारला. युरोपातल्या प्रजनन-कार्यक्रमात त्याच्या वंशाचे प्राणी आधीच पुरेसे होते, हे कारण. त्याला ठेवून घ्यायला इंग्लंडमधल्या यॉर्कशायर वाइल्डलाइफ पार्कसह काही जण पुढे आले होते, नकार मिळाला. लोकांसमोर, मुलांसमोर त्याचे विच्छेदन झाले आणि मांस सिंहांना घातले. पुढच्या महिन्यात त्याच संस्थेने चार सिंह मारले. जगभर गदारोळ उठला. वैज्ञानिक संचालक बेंग्ट होल्स्ट दूरचित्रवाणीवर येऊन एकेका प्रश्नाला उत्तर देत राहिले, धमक्या आल्या तरी.

मला त्यांचा निर्णय पटत नाही. आणि तरी ओदाचींच्या पडद्याशेजारी ठेवून पाहिले की होल्स्टांबद्दल थोडा आदर वाटतो. निर्णय कुणाचा आणि का, हे निदान माहीत आहे. वाद घालायला समोर माणूस आहे. मात्र उघडपणे बोलणे आणि जाब देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मारियस जास्तीचा ठरवणारे, त्या ठरवण्याचे नियम करणारे आणि नंतर ते बरोबर म्हणणारे सगळे प्राणिसंग्रहालयांच्याच वर्तुळातले होते. जिराफ जन्मालाच का येऊ दिला, हा प्रश्न त्या वर्तुळाबाहेरच्यांनी विचारला. पिल्ले जन्मू द्यावीत, कारण पालनपोषण हा प्राण्याच्या स्वाभाविक जगण्याचा भाग आहे, हे त्यांचे उत्तर. उत्तर अगदीच पोकळ नाही. पण त्याची किंमत पिल्लाने भरायची आहे.

आपल्याकडे १९९१ च्या कायदा-दुरुस्तीनंतर, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले. तेव्हापासून मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. याच प्राधिकरणाने २००९ मध्ये हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवून छावण्यांत पाठवावे, असा आदेश काढला. बाहेरचा कुणीतरी विचारणारा हवा, ही कल्पना एवढ्या उशिरा कायद्यात आली. ती जमिनीवर किती उतरली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पुन्हा उएनोकडे. इंदिरेच्या आधी तीन आठवडे तिथे आणखी एक हत्तीण आली होती, थायलंडहून, अवघी दोन-अडीच वर्षांची. तिला मुलांनी मेलेल्या वानलीचे नाव दिले, हानाको. ती उएनोत आली तो दिवस ४ सप्टेंबर १९४९. १९५४ मध्ये तिला शहराच्या पश्चिमेकडच्या इनोकाशिरा उद्यानात हलवले, आणि पुढची साठ वर्षे ती तिथे काँक्रीटच्या आवारात राहिली, बहुतेक काळ एकटी. २०१५ मध्ये परदेशातल्या एका बाईने तिला पाहून लिहिले, आणि लाखो लोकांनी तिच्यासाठी सह्या केल्या. बाहेरून एक हत्ती-तज्ज्ञ येऊन पाहून गेल्या. इतक्या वयात तिला हलवणे धोक्याचे, असे ठरले आणि आहे तिथेच थोड्या सुधारणा करायचे मान्य झाले. २६ मे २०१६ रोजी, ६९ व्या वर्षी, हानाको त्याच आवारात गेली.