चार व्हॉल्व्ह आणि एक घुंडी

दिवाळीची झाडझूड म्हणजे घराघरांत भरणारे एक न्यायालयच असते. माळ्यावरचे, कपाटामागचे, खाटेखालचे सारे आरोपी अंगणात आणून उभे करायचे आणि 'ठेवायचे की काढायचे' याचा निकाल द्यायचा. यंदा भंडाऱ्याच्या आमच्या घरात जो खटला उभा राहिला, त्यातला आरोपी होता व्हॉल्व्हचा एक जुना प्रीॲम्प्लिफायर. फिर्यादी माझा नागपूरचा पुतण्या. वकीलपत्र अर्थातच मी घेतले. वकिली करायची तर पक्षकाराचे कूळ ठाऊक हवे, म्हणून ही थोडी इतिहासाची उजळणी.

प्रथम या पेटीचे काम सांगतो. सुईखालून रेकॉर्डची खाच सरकते, तेव्हा पिकअपमधून निघणारी वीज असते एका व्होल्टच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी. एवढ्या दुबळ्या विजेने कर्ण्याचा कागद थरथरायचासुद्धा नाही. तिला हाताला धरून, अंगात बळ आणून, मोठ्या ॲम्प्लिफायरच्या दारापर्यंत पोचवायचे, हे प्रीॲम्प्लिफायरचे काम. आमच्या पेटीत हे काम दोन्ही बाजू मिळून चार व्हॉल्व्ह करतात. ईसीसी ८३ हे त्यांचे नाव, उंची बोटाएवढी.

या काचेच्या कुळाचा मूळ पुरुष १९०४ सालचा. इंग्लंडात जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी निर्वात काचेत एक तापणारी तार आणि एक पत्रा बसवून विजेला एकेरी वाट करून दिली. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या वाटेवर तारेची एक जाळी उभी केली. जाळीवर इवलासा इशारा झाला, की मागचा मोठा प्रवाह त्या इशाऱ्याबरहुकूम कमीजास्त होऊ लागला. शेताच्या बांधावरची मोरी एका हाताने उघडझाक करावी आणि पाटाचे सारे पाणी वळावे, तसे हे. रेडिओ, बोलपट, लाउडस्पीकर ही सगळी पुढची संतती या जाळीची.

आमच्या भागात ही संतती रेडिओच्या रूपाने रुळली. जुलै १९४८ मध्ये नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. भंडारा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण रेडिओचे बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायची सवय बदलली नाही. बंगलोरला १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि साठीच्या दशकात देशी व्हॉल्व्ह मिळू लागले. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटके चालतात. त्या मंडईतले कर्णे दुरुस्त करता करताच आमच्याकडचे कितीतरी कारागीर तयार झाले. त्यांतल्याच एकाकडून माझ्या वडिलांनी १९६८ साली ही पेटी बनवून घेतली. तिची दर्शनी फळी भंडाऱ्याला शोभेल अशी पितळी आहे.

आता फिर्यादीचे म्हणणे ऐका. पुतण्या म्हणाला, "काका, पेटीतून सारखी घूं घूं येते. व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत. आणि नवा प्रीॲम्प्लिफायर याच्यापेक्षा दसपट स्वच्छ वाजतो. मी आणून देतो, तुम्ही फक्त हो म्हणा."

तिन्ही मुद्दे वजनदार होते. पहिल्याची तपासणी केली. घूं घूं व्हॉल्व्हची नसून कंडेन्सरची निघाली. विजेच्या पुरवठ्यातील लहरी सपाट करण्यासाठी जे मोठे कंडेन्सर असतात, त्यांच्या पोटातला ओलावा पन्नास वर्षांत सुकून जातो. मग लहरी थेट गाण्यात उतरतात. दुसरा मुद्दा अर्धाच खरा होता. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढे व्हॉल्व्हचे राज्य गेले हे खरे. पण ईसीसी ८३ आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतो. गिटार वाजवणाऱ्यांनी त्याला जगवले आहे.

राहिला तिसरा मुद्दा, आणि खरी लढाई तिथेच होती. नवी पेटी स्वच्छ वाजते हे मीही ऐकले होते. पण आमच्या पितळी फळीवर एक घुंडी आहे, ती नव्या पेटीवर नव्हती. त्या घुंडीवर दोन खुणा आहेत: एक एलपीची, दुसरी ७८ ची.

ही घुंडी का, ते सांगतो. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. आणि वरचे स्वर मुद्दाम उचलतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की त्यांच्याबरोबर खरखरही खाली जाते. वाजवताना हा हिशेब उलटा फेडावा लागतो. १९५४ साली अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्यांच्या संघाने याचे एक प्रमाण ठरवले आणि हळूहळू ते जगाने स्वीकारले. या प्रमाणानुसार अगदी खालचा खर्ज दसपट वाढवायचा आणि अगदी वरचे स्वर दहाव्या हिश्श्यावर आणायचे. पण त्याआधी ज्याचा त्याचा हिशेब वेगळा होता. ७८ च्या बहुतेक तबकड्यांत वरचे स्वर इतके उचललेलेच नसत. त्यांना नवा हिशेब लावला, तर न घेतलेले कर्ज फेडल्यासारखे होते. गायक घोंगडी पांघरून गातो आहे असे वाटते.

आणि आमच्या कपाटातल्या निम्म्या तबकड्या ७८ च्या आहेत. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर दीनानाथ. प्रत्येकाला एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळालेली. त्या तबकड्यांत लाख असते. लाख आमच्या झाडीला परकी नाही. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर तिचे किडे पोसले जातात, आणि एके काळी जगाच्या तबकड्यांना लागणारी बरीचशी लाख भारतातूनच जाई. माझ्या आईने या तबकड्या लग्नात माहेराहून आणल्या. घरातल्या नातवंडांना पणजीचे आवडते पद ऐकायचे असेल, तर ते घोंगडीतून का ऐकावे?

मी पुतण्याला बसवले. एकच नाट्यपद आधी एलपीच्या खुणेवर लावले, मग घुंडी ७८ वर फिरवली. सुई अर्थात ७८ चीच, एलपीच्या सुईहून सुमारे तिप्पट जाड. घुंडी फिरताच तान मोकळी झाली, शब्दांच्या कडा दिसू लागल्या. खरखर वाढली तीही खरीच. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

निकाल असा लागला. पेटी बदलायची नाही. वाळलेले कंडेन्सर सगळे नवे घालायचे, खरखरणारे रोधक बदलायचे, तारांची जुनी आवरणे काढून नवी चढवायची. कारण आत अडीचशे व्होल्ट खेळतात आणि घरात लहान मुले आहेत. चारांपैकी एक व्हॉल्व्ह थकला होता, तो बदलला. पुतण्याची नवी पेटीही परत पाठवली नाही. ती त्याच्या नागपूरच्या घरी गेली, कारण त्याच्याकडे सगळ्या एलपीच आहेत आणि तिथे ती योग्यच आहे.

यंत्राची सुधारणा म्हणजे काय, याचे उत्तर यंत्राच्या किमतीत नसते, कपाटात काय ठेवले आहे त्यात असते. वाचकहो, तुमच्या माळ्यावरही असा एखादा आरोपी असेल. शिक्षा सुनावण्यापूर्वी त्याच्या अंगावरच्या घुंड्या एकदा फिरवून पाहा. एखादी घुंडी अशी निघेल, की ती कशासाठी आहे हे सांगणारे घरात तुम्ही एकटेच उरला असाल. मग ते मुलांना सांगून टाका. दिवाळीच्या सुटीत ती घरीच असतात.