कांजिण्यांच्या खपल्या आणि देवीची भीती



लेकराला कांजिण्या आल्या की अजूनही कितीतरी घरांत फोडणी बंद होते, आंघोळ थांबते आणि उशाशी कडुलिंबाचा पाला येतो. हे नियम मुळात देवीच्या रोगाचे, असं माझं मत आहे. दोन्ही आजार शेकडो वर्षं एकच समजले जात. देवीने माणसं दगावत. वाचली तर चेहऱ्यावर खोल वण, कधी डोळेही जात. ती भीती कांजिण्यांनाही चिकटली.

लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरने १७६७ साली फरक नीट मांडला. त्याची काळजी व्यवहारी होती. कांजिण्या होऊन गेलेला माणूस ‘मला देवी येऊन गेल्या’ असं समजून निर्धास्त राहायचा आणि पुढे खऱ्या देवीत सापडायचा! देवीचे फोड एका जागी सगळे सारखेच पिकलेले, चेहऱ्यावर नि हातापायांवर जास्त. कांजिण्या पोटा-पाठीवर जास्त, आणि एकाच वेळी इथे पुरळ, शेजारी पाण्याचा फोड, पलीकडे खपली.

देवी रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. रोग गेला, नियम राहिले. शीतलामातेचा नैवेद्य तर आपल्या श्राविकाही दाखवतात. त्याला मिथ्यात्व म्हणतात हे पाठशाळेत शिकलेलं असतं, पण लेकरू तापलं की आठवत नाही.

आंघोळ मात्र बंद करू नका. कोमट पाण्याने हलकेच घालावी, अंग चोळू नये, मऊ सुती कापडाने टिपावं. नखं बारीक कापावीत. खाजेवर कॅलामाइन लावावं. तो गुलाबी रंग त्यातल्या लोहाच्या भस्माचा. खपली आपोआप पडू द्यावी, खाली नवी कातडी तयार होत असते. ओढून काढली तर जंतू शिरतात आणि खड्डा राहतो. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला मंदिरात, शाळेत नेऊ नये. तापासाठी मुलाला अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नये, मेंदूला आणि यकृताला धोका असतो. गर्भवती, तान्हं बाळ किंवा मोठ्या माणसाला कांजिण्या आल्या तर डॉक्टर गाठावेच.

लस शोधली जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी, १९७४ साली. स्वतःच्या लहान मुलाला कांजिण्यांनी बेजार झालेलं त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे ती सरकारी मोफत यादीत नाही, बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन घ्यावी लागते. डोस दोन असतात. दुसरा बऱ्याच जणी विसरतात.