मैत्रींतून धर्म : रेव्हरंड टिळकांचा मार्ग

श्रोतेहो, आपला धर्म दुसऱ्यास सांगण्याचीं स्थळें दोन : एक सभा, दुसरें घरची ओसरी. गेल्या दोन शतकांत महाराष्ट्रांत ख्रिस्ती संदेश बहुधा सभेच्या वाटेनें आला. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले. शाळा, छापखाना आणि बाजारांतील उपदेश हीं त्यांचीं साधनें होतीं. पुढें वादसभा गाजूं लागल्या. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रतीरीं विष्णुबोवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यांत झालेला वाद प्रसिद्धच आहे. अशा वादांत विद्वत्ता दिसली, परंतु वाद संपल्यावर दोन्ही पक्ष आपापल्या घरीं गेले. शिवाय बाप्तिस्मा घेणाऱ्याचें घर तुटे. आईबाप, जात, शेजार एका दिवसांत दुरावे. त्यामुळें धर्मोपदेशकाची मैत्री म्हणजे गळास लावलेलें आमिष, असें पुष्कळांस वाटे. आणि तें वाटणें अगदींच अकारण नव्हतें.

ही शंका ज्यांच्या चरित्रानें बरीचशी दूर होते, ते कवि म्हणजे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). १८९३ सालीं राजनांदगांवास जातांना आगगाडींत त्यांची एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशीं गांठ पडली. प्रथम गोष्टी निघाल्या त्या संस्कृत काव्याच्या. धर्माचा विषय मागाहून आला. निरोप घेतांना त्या गृहस्थानें टिळकांस नवा करार दिला. पुढें मुंबईचे मिशनरी जस्टिन ॲबट यांच्याशीं टिळकांचा पत्रव्यवहार झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

या निश्चयाची किंमत लक्ष्मीबाईंनीं दिली. पतिपत्नींची कित्येक वर्षें ताटातूट झाली. पुढें अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, दोघें एकत्र आल्यावरही बाईंनीं आपली चूल आणि आपलें सोंवळें वेगळें ठेविलें. टिळकांनीं त्यांवर सक्ती केली नाहीं. जातिभेदाचा गड बाईंच्या मनांत हळूहळू ढांसळला, आणि १९०० सालीं त्यांनीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास हें ठाऊक आहे कीं, त्या घरांत रुसवे आणि विनोद यांनाही उपदेशाइतकीच जागा होती.

याच घरांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवि, मुलासारखे राहिले. टिळकांनीं त्यांस माया दिली, काव्याचें मार्गदर्शन केलें. आपल्या श्रद्धेची गोष्ट अशा घरांत लपून राहणें शक्यच नव्हतें. तथापि बालकवि ख्रिस्ती झाले नाहींत. १९१८ सालीं आगगाडीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला, तोंवर ते हिंदूच होते. म्हणून त्यांच्यावरील टिळकांच्या प्रेमांत कांहीं उणें पडलें नाहीं. माझ्या मतें टिळकांच्या साऱ्या धर्मकार्याची कसोटी येथेंच लागते.

काळही पालटत होता. स्वदेशीच्या चळवळीनंतर परकी वेषांतील धर्म लोकांस अधिकच परका वाटूं लागला. इंग्रजी चालींवर बेतलेलीं गीतें गाणाऱ्या मंडळींस टिळकांनीं अभंग, भजन आणि कीर्तन दिलें. आपण तुकोबांच्या वाटेनें ख्रिस्ताकडे आलों, असें ते मानीत. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांसही स्थान होतें. दोनच वर्षांत टिळक वारले; दरबाराचें रोप रुजण्यापूर्वींच माळी गेला.

या स्नेहाचा ओघ एकाच दिशेनें वाहिला असेंही नाहीं. ज्या ॲबटसाहेबांनीं टिळकांच्या शंकांस उत्तरें दिलीं, त्यांनींच उतारवयांत महाराष्ट्रांतील संतांचीं चरित्रें इंग्रजींत आणण्याचें काम हातीं घेतलें. सांगावयास आलेला गृहस्थ ऐकावयास बसला, तो असा.

श्रोतेहो, ज्यास कांहीं सत्य गवसलें आहे असें वाटतें, तो तें मित्रापासून लपविणार नाहीं. लपविल्यास ती मैत्रीच उणी. परंतु मित्रानें ‘नाहीं’ म्हटल्यावर जो उठून जातो, तो मुळांत मित्र नव्हताच. तो गिऱ्हाईक शोधीत होता. बालकवींसाठीं टिळकांच्या घरचें पान शेवटपर्यंत मांडलेलें होतें. धर्म कोणताही असो, सांगणाराची परीक्षा त्या पानावर होते.