मूकपटातला सिंहगड आणि मुके ठेवलेले गडकरी

शेंदूरजनाघाटच्या आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने विचारले, "तानाजीच्या लढाईत आपली माणसं कुठं होती?" 2020 साली आलेला तान्हाजीवरचा हिंदी सिनेमा त्याने पाहिला होता. प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी आम्हाला शंभर वर्षे मागे जावे लागले.

1923 साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' हा मूकपट केला. आधार होता हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचा. रात्रीच्या लढाईसाठी पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरला. शेलारमामाच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. मूकपट लोकांनी डोक्यावर घेतला आणि कादंबरीतला गड हाच खरा गड होऊन बसला.

आता कादंबरीत काय आहे ते पाहू. तिथे सती जायला निघालेली राजपूत विधवा कमलकुमारी आहे. उदयभानू तिला पकडून कोंढाण्यावर आणतो. म्हणजे स्वराज्याची लढाई एका उच्चकुलीन स्त्रीच्या 'अब्रू'शी जोडली गेली आणि सती जाणे हे निष्ठेचे लक्षण ठरले. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले होते, की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जात बंदिस्त ठेवण्याची साधने आहेत. कादंबरीने ज्याला दागिना मानले, ती बाबासाहेबांच्या लेखी बेडी होती.

आणि गडावरची माणसे? ग्रँट डफने 1826 च्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवले आहे, की किल्ल्यांच्या बंदोबस्तात ब्राह्मण, मराठे यांच्याबरोबर रामोशी, महार आणि मांग होते. या सगळ्यांना गडकरी म्हणत. त्यांना वंशपरंपरेने जमिनी होत्या. गडाबाहेरच्या चौक्या-पहाऱ्याचे जोखमीचे काम रामोशी आणि महारांकडे होते. शत्रू आला तर पहिला वार त्यांच्यावर. इंग्रजाच्या पुस्तकात ते सापडतात, आपल्या वीरकथेत मात्र सापडत नाहीत.

ते तेव्हाही गप्प नव्हते. 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज लिहून आपल्या समाजाचा लष्करी वारसा सरकारपुढे मांडला. पुढे दहा-बारा वर्षांच्या आतच आपट्यांची कादंबरी आली. कादंबरी पडद्यावर गेली, अर्ज दप्तरात गेला. कोणाची आठवण इतिहास होते, हे असे ठरते.

31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला. त्याच वर्षी पेंटरांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला आणि त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात शाहू महाराजांनी बाबासाहेबांना नेते म्हणून पुढे केले. पडदा मुका होता, तरी त्यातल्या नायकांची नावे घरोघरी गेली. बहिष्कृतांना बोलण्यासाठी स्वतःचे पत्र काढावे लागले.

पेंटर स्वतः कारागीर कुटुंबातले. 1925 साली त्यांनी 'सावकारी पाश' करून सावकाराने नागवलेला शेतकरी पडद्यावर आणला. म्हणजे कॅमेऱ्याला खालचा माणूस दिसत होता. गडाच्या गोष्टीत तो दिसला नाही, कारण गोष्टच त्याच्याशिवाय लिहिली होती.

आम्हाला तानाजीला लहान करायचे नाही. मावळातल्या कष्टकऱ्यांचा तो वीर आहे. जोतीराव फुल्यांनी 1869 सालीच शिवरायांचा पोवाडा लिहून हा इतिहास बहुजनांचा म्हणून सांगितला होता. आमचे भांडण आहे ते गाळलेल्या नावांसाठी.

म्हणून अभ्यासवर्गातल्या मुलांना आम्ही काम दिले आहे. गाविलगड आणि नरनाळा आपल्याच वऱ्हाडात आहेत. पायथ्याच्या गावांत जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, वतनाचे आणि इनामाचे जुने कागद पाहा, सापडेल ते नाव वहीत लिहा. पुढचा सिनेमा कोणीतरी काढेलच. तेव्हा आपली वही तयार असली पाहिजे.

जय भीम!