बाटली क्रमांक ५३-एन

चौकशीचे अहवाल वाचणे आणि लिहिणे यांतच माझ्या शासकीय सेवेची बरीच वर्षे गेली. म्हणूनच परळच्या हाफकिन संस्थेचे नाव निघाले, की मला लशीआधी एक चौकशी आठवते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस परळच्या प्रयोगशाळेतील होती. तिचे जनक वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. मुल्कोवालमध्ये ५३-एन या एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले.

धनुर्वाताचे जंतू माती-शेणात सुप्त असतात. धडधाकट त्वचेवर ते निरुपद्रवी. मात्र सुईबरोबर आतल्या ऊतींत शिरले आणि तेथे प्राणवायू अपुरा असला, की ते वाढतात व विष निर्माण करतात. टोचल्याची जखम दिसतही नाही, माणूस मात्र जातो.

हाफकिन यांनी लशीच्या निर्मितीत कार्बॉलिक आम्ल वगळून उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशी आयोगाने दोष परळकडे दिला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष नोंदवली गेली होती. उघडताना बाटलीला दुर्गंधीही नव्हती. दूषित होऊन बरेच दिवस लोटले असते, तर ती आली असती. पुढे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, की या पाच वर्षांत सर्वांत मोठी हानी विश्वासाची झाली. लस बाटलीत भरता येते, विश्वास भरता येत नाही. आपली प्रशासनव्यवस्था 'कोण दोषी' हे तत्परतेने विचारते. 'कोणत्या क्षणी, कोणत्या कृतीत चूक झाली' हे फार उशिरा. हाफकिन यांना अखेर न्याय मिळाला. मुल्कोवालच्या त्या १९ जणांची नावे मात्र आपल्यापैकी कुणाच्या स्मरणात नाहीत.

चौकशीच्या कागदावर सही करण्यापूर्वी मी आजही स्वतःला विचारतो : यातला चिमटा कुठे पडला?