मुर्शिदाबादेत मराठी बोलू नका

घड्याळ, मोबाइल, चष्मा सगळं काढून ठेवा. कमरेला धोतर, खांद्यावर पंचा आणि पायाखाली भागीरथीचा चिखल, घोट्याच्याही वर आलेला. साल १७४३, बंगाली भाद्र महिना. पाऊस आत्ताच उघडलाय. हवा इतकी दमट की पंचाने घाम पुसायला जावं तर पंचाच आधीपासून ओला.

आता एक सूचना, आणि ही जिवावरची आहे. मराठी बोलू नका. ठेच लागली तर 'आई गं' नाही, 'मा गो' म्हणायचं. कुणी हटकलंच तर गुजरातहून रेशीम घ्यायला आलोय म्हणून सांगा. गुजराती व्यापारी या कासिमबाजारात पैशाला पासरी आहेत, तुमच्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही. गेल्या वर्षी भास्करपंत कोल्हटकरांचे स्वार या मुलखातून फिरून गेले. आपण त्यांना नागपूरकर भोसल्यांची फौज म्हणतो. इथे त्यांना बर्गी म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून.

चला, घाट चढा. कासिमबाजार डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. तो कुजकट, उकडलेला वास कशाचा म्हणून तोंड वाकडं करू नका. जगभर मिरवणारं रेशीम असंच निघतं. या झोपडीत डोकावा. चुलीवर कढई, कढईत उकळतं पाणी आणि पाण्यात गरगरणारे पिवळट कोश. काठीने पाणी ढवळत म्हातारा कोशांची टोकं पकडतो. पाच-सहा कोशांचे तंतू एकत्र करून रहाटाकडे देतो आणि त्याचा नातू रहाट फिरवतो. म्हाताऱ्याची बोटं पांढरी, सुरकुतलेली, जणू रात्रभर पाण्यात ठेवलेली. कोश रिकामा झाला की आतला मेलेला किडा तळाशी जातो. वास त्याचाच. तुम्ही दोन मिनिटांत बाहेर पळाल. म्हातारा संध्याकाळपर्यंत तिथेच बसून असेल, कारण त्याने दादन घेतलंय. दादन म्हणजे आगाऊ पैसे. ते फिटेपर्यंत रेशीम त्याचं नाही, ज्याने पैसे दिले त्याचं.

पैसे देणारे कोण, तर आपल्या बखरींतले टोपीकर. इथे इंग्रजांची वखार, शेजारी कालकापूरला वलंदेजांची, म्हणजे डचांची, सैदाबादेत फरासिस आणि त्यांच्या जवळच आर्मेनी. सगळे एकाच रेशमावर टपलेले. वखारीच्या अंगणात गुमास्ता लडी उलगडून उजेडात धरतो, नमुन्याशी ताडून पाहतो, नाक मुरडतो आणि भाव पाडतो. गुमास्ते तीनशे वर्षांपूर्वीही असेच होते, हे पाहून बरं वाटतं की वाईट, ते तुमचं तुम्ही ठरवा. मागे कंपनीचा एक पोरसवदा कारकून जाड कापडाचा कोट घालून उभा आहे. चेहरा उकडलेल्या बिटासारखा लाल. त्याला तो कोट काढायला कुणी सांगत नाही आणि तोही काढत नाही.

भूक लागली असेल. हरकत नाही, पण रसगुल्ला मागू नका. कोलकात्यातल्या नवीनचंद्र दासांचा रसगुल्ला यायला अजून सव्वाशे वर्षं आहेत. चहाही नाही. कॉफी मात्र आहे, पण ती नवाब अलीवर्दी खानांकडे. सूर्योदयापूर्वी दोन तास उठून, नमाज आटोपून ते चार जवळच्या माणसांसोबत कॉफी घेतात. बोलावणं आलं तर जरूर जा.

ते येईपर्यंत बाजारातच खा. भाद्रात ताडफळं पिकतात. आपण कोवळे ताडगोळे खाऊन मोकळे होतो, इथे फळ झाडावर पिकू देतात. मग त्याचा केशरी गर चोळून काढायचा, तांदळाच्या पिठात कालवायचा आणि वडे तळायचे. गोड, थोडा उग्र वास सगळ्या गल्लीत भरलाय. त्यात मोहरीच्या तेलाचा धूर, कोळणीच्या टोपलीतल्या ताज्या हिल्शाचा वास, ओल्या गोणपाटाचा वास. वडे घ्या, पण रुपया काढू नका. वडेवालीने रुपया हातात धरलेला तरी असेल का, शंकाच आहे. इथे चालते कवडी. अगदी खरीखुरी, मालदीवहून जहाजात भरून येणारी. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन. आपल्याकडे 'फुटकी कवडी' फक्त म्हणायला उरली. इथे ती फुटकी निघाली तर वडेवाली खरंच परत करते.

म्हणून आधी पोद्दाराकडे जा. मांडी ठोकून बसलेला तो माणूस तुमचा रुपया दगडावर वाजवेल, कानाशी नेईल आणि मग त्यावरचं साल वाचेल. साल जुनं असेल तर बट्टा. चांदी तीच, वजन तेच, तरी यंदाचा रुपया गेल्या वर्षीच्या रुपयापेक्षा वरचढ. वाद घालू नका. या गणितावर जगत्शेठांची पेढी उभी आहे आणि खुद्द नवाबही त्यांच्याकडून कर्ज घेतात. एका रुपयाला सुमारे २,४०० कवड्या मिळतील. पंचा पसरा. घड्याळ काढून ठेवायला सांगितलं, पिशवी आणू नका असं नव्हतं सांगितलं.

पोद्दार बोलका निघाला तर तो स्वतःच विषय काढेल. बर्गी जगत्शेठांच्या वाड्यात शिरले आणि दोन कोटींचे आर्काटी रुपये घोड्यांवर लादून गेले, असं म्हणतात. आकडा सांगताना त्याचे डोळे चमकतात. लूट असली तरी पोद्दाराला रक्कम मोठी आवडते. तुम्ही मान हलवा आणि 'भीषोण' म्हणा.

खरा प्रसंग पुढे आहे. वडाखाली काही कुटुंबं उतरलीत. गाठोडी, दोन शेळ्या, चूल म्हणून तीन विटा. नदीच्या पश्चिमेकडून, कटव्याकडून पळून आलेली माणसं ही. कटव्यातच भास्करपंतांचा तळ होता. गेल्या शरदात त्यांनी तिथे दुर्गापूजा मांडली, जमीनदारांकडून भेटी मागवल्या. नवाबाची फौज रात्रीतून नदी पार करून आली आणि पूजा अर्धवट टाकून स्वार निघून गेले. ही बाई त्याच भागातली. नवरा विणकर होता. माग जळला, एवढंच ती सांगते. नवऱ्याचं काय झालं ते तुम्ही विचारत नाही. पोर रडायला लागतं. ती त्याला थोपटत एकच शब्द बोलते, 'बर्गी', आणि पोर गप्प होतं. तुमच्या तोंडात ताडवडा आहे. तो गिळायला थोडा वेळ लागतो.

आकाश निवळतंय म्हणून तुम्हाला बरं वाटत असेल. इथे कुणालाच वाटत नाही. पाऊस आहे, नद्या भरल्यात, वाटा बुडाल्यात, तोवर घोडा चालत नाही. चिखल वाळला की काय होणार, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

आता नाव पकडा, आज भाद्रातला शेवटचा गुरुवार आहे. मुर्शिदाबाद प्रवाहाच्या उलट दिशेला. काठावरून चालणारे चौघे नावेचा दोर खांद्यावर घेऊन ओढतात आणि एका सुरात हुंकार देतात. काट्रा मशिदीचे मनोरे दिसले की शहर आलं. ज्यांच्या नावाचं हे शहर, ते मुर्शिद कुली खान त्या मशिदीच्या पायऱ्यांखाली पुरलेले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय आपल्यावरून जावेत ही त्यांचीच इच्छा होती म्हणतात.

अंधार पडतो आणि काठावर मुंगीला शिरायला जागा उरत नाही. अत्तर, घाम, हुक्क्याचा धूर, हत्तीची लीद, सगळं एकात एक. आज बेडा उत्सव. पाण्याचे पीर ख्वाजा खिज्र यांच्या नावाने केळीच्या खांबांचे प्रचंड तराफे बांधलेत. त्यांवर कागदाचे महाल, कागदाच्या मशिदी, कागदाच्या होड्या आणि त्यांत दिवेच दिवे. नौबत झडते, आतषबाजी कानठळ्या बसवते, तराफे सुटतात. शेजारचा टोपीवाला बोहरी 'या खिज्र' म्हणतो, पलीकडची शंखाची बांगडी घातलेली बाई हात जोडते. मागून रेटा येतो, कुणाचं तरी कोपर बरगडीत बसतं. सांभाळा, 'अहो' म्हणून ओरडाल.

परत आलात? मग पुढचं सांगतो. पुढल्या वर्षी, १७४४ मध्ये, नवाबाने बोलणी करायला म्हणून भास्करपंतांना छावणीत बोलावलं आणि तिथेच मारलं. त्यानंतरही स्वाऱ्या चालू राहिल्या. १७५१ मध्ये नवाबाने वर्षाला बारा लाख चौथ कबूल केली तेव्हा त्या थांबल्या. बर्गींच्या धास्तीने कलकत्त्याने सात मैलांचा खंदक खणायला घेतला. तीन मैल झाला, शहरावर कुणी आलंच नाही, काम सोडून दिलं. नंतर तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली मात्र आजही आहे, आणि बर्गींच्या भीतीची अंगाई बंगाली घरांत आजही म्हणतात. आपल्या शाळेत अटक शिकवतात आणि ते ठीकच आहे. पण कटवा कुठे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना नकाशावर दाखवता येईल? एकदा शोधाच.