पाळीव जनावरांना विषारी साप चावला तर : सीमाभागातील शेतघरांसाठी माहिती

मिरगाचा पाऊस लागला की बिळांत पाणी शिरते आणि साप कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात. खेड्यात कोरडी जागा म्हणजे गोठा, जळणाची खोली, शेणीचा हुडवा नाहीतर पडवीतला अडगळीचा कोपरा. दुसरा हंगाम ऊसतोडीचा. फड मोकळा झाला की उंदीर-घुशी बांधाकडे आणि बांधावरून घराकडे सरकतात, मागोमाग साप येतात. निपाणी, कागल, चिकोडीपासून खानापूर, चंदगडपर्यंत शेतात घर करून राहणाऱ्यांना हे नवीन नाही. अशा घरात सापाला पहिल्यांदा सामोरे जाते ते बहुतेक वेळा राखणीचे कुत्रे, नाहीतर मांजर.

माणसाला साप चावला तर कुठे जायचे, हे आता बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये माणसांच्या सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणे रुग्णालयांना बंधनकारक केले. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. जनावरांसाठी मात्र अशी घडी बसलेली नाही. सरकारी रुग्णालयातला साठा माणसांसाठी राखलेला असतो, तो कुत्र्यासाठी मागून मिळत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात औषध असेलच असे नाही आणि रात्री दवाखाना उघडा असेलच असेही नाही. त्यामुळे जनावर दगावते ते पुष्कळदा विषापेक्षा शोधाशोधीत गेलेल्या वेळेमुळे. ही शोधाशोध साप दिसण्याआधी, दिवसाउजेडी उरकून ठेवता येते.

चार साप आणि त्यांची दोन्हीकडची नावे

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप ओळखता आले पाहिजेत. कर्नाटकातल्या कन्नडभाषक डॉक्टरांशी बोलताना नावांचा घोळ होतो, म्हणून तीही माहीत असावीत. नागाला नागरहावू, मण्यारीला कट्टहावू, घोणशीला कोळकुमंडल आणि फुरशाला गरगसमंडल म्हणतात. बिनविषारी धामण म्हणजे केरेहावू. घाबरून नुसते ‘मोठा साप होता’ असे सांगण्यापेक्षा यातला एक शब्द जास्त कामाचा.

घोणशीच्या अंगावर साखळीसारखे लंबगोल ठिपक्यांचे तीन पट्टे असतात आणि डिवचली की ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या घोणस समजून हिच्याजवळ जाणारे लोक दरवर्षी निघतात. फुरसे वीतभर-हातभर लांबीचे, अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढणारे. कोकण-गोव्याच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर आणि गडग्यांत ते जास्त. मण्यार काळी-निळसर, अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा, बहुधा जोडीजोडीने. बिनविषारी कवड्याही असाच दिसतो. फरक असा, की कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होतात, तर मण्यारीचे मानेजवळ पुसट किंवा नसतातच आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. टॉर्चच्या उजेडात हे बघत बसण्यात अर्थ नाही. पांढरे पट्टे दिसले की मण्यारच समजावी.

चोर्ला, आंबोली, खानापूरच्या जंगलकडेला चापडाही सापडतो आणि दाट जंगलात नागराज. आपल्याकडे मिळणारे औषध वरच्या चार सापांच्या विषावरच बनवलेले असते. या दोघांसाठी ते नाही. चापड्याच्या दंशाला सूज आणि वेदनांवर उपचार करावे लागतात.

चावल्याचे ओळखायचे कसे

कुत्रा सापाला हुंगायला किंवा भुंकायला पुढे जातो, म्हणून त्याला दंश होतो तो नाकाडावर, ओठावर, गालावर किंवा पुढच्या पायावर. गाय-म्हैस चरताना मुसकटावर चावून घेते, नाहीतर खुराच्या वरच्या भागावर. मांजर पंजा मारते, त्यामुळे तिचा पंजा बघावा. केसांमुळे दाताच्या खुणा बहुतेक दिसत नाहीत.

घोणस किंवा फुरसे चावले असेल तर तोंड बघता बघता सुजते, जनावर कळवळते, हिरड्यांतून, नाकातून रक्त येते, लघवी लाल होते. इथे एक गल्लत होते. उंदीर मारायचे औषध, किंवा ते खाल्लेला उंदीर, कुत्र्याने खाल्ला तरी रक्त गोठत नाही आणि अंगात रक्तस्राव होतो. त्याचा उपचार वेगळा, म्हणजे के-१ जीवनसत्त्वाचा. घरात असे औषध टाकले असेल तर डॉक्टरांना न विचारता सांगावे, शक्य तर पुडीही दाखवावी.

नागाच्या दंशात सूजही येते आणि पुढे पापण्या जड होणे, लाळ गळणे, पाय लटपटणे सुरू होते. मण्यारीचे दुखणे सर्वांत फसवे. ती रात्री फिरते, दंश फारसा दुखत नाही, सूज जवळजवळ नसते. संध्याकाळी धड असलेले कुत्रे पहाटे मागच्या पायांवर उभे राहत नाही, भुंकण्याचा आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, श्वास उथळ होतो. घरचे म्हणतात, लकवा झाला, नाहीतर कोणी विष घातले.

आणि हीच लक्षणे पिसाळलेल्या कुत्र्याचीही असू शकतात. जबडा लोंबला, घशात काही अडकले असेल म्हणून हात घालून बघणारे लोक असतात. तसे अजिबात करू नये. रेबीजची लस कधी टोचली त्याचे कार्ड घेऊन जावे. लस टोचलेली नसेल तर तेही स्पष्ट सांगावे. डॉक्टरचा आणि घरच्यांचा, दोघांचाही जीव त्यावर आहे.

पहिला अर्धा तास

आधी माणसांनी जपावे. कुत्रे एकाच जागेकडे बघत सारखे भुंकत असेल तर अनवाणी धावू नये. टॉर्च, बूट, मग लांबून हाक. कुत्रे हाकेसरशी मागे येत असेल तर निम्मे काम झाले. ही सवय पिल्लू असल्यापासून लावता येते. साप आणि कुत्रे यांच्यामध्ये पाय घालून कुत्र्याला ओढू नये. सापावर दगड मारला तर कुत्र्याला चेव येतो आणि सापाला पळायला वाट राहत नाही. आखूड साखळीने बांधलेल्या कुत्र्याला मागे सरायलाही जागा नसते, म्हणून रात्री साखळी लांब असावी किंवा कुत्रे ओट्यावर बांधावे.

चावला असे वाटले की जनावराला चालवू नये. कुत्र्याला उचलून, पोत्यावर किंवा फळीवर घेऊन गाडीत ठेवावे. गळ्यातला पट्टा लगेच काढावा, कारण सूज मानेपर्यंत उतरली की तोच पट्टा फास होतो. वेदनेने घरचे कुत्रेही चावते, तेव्हा टॉवेल हाताशी असावा, पण श्वासाला त्रास होत असेल तर तोंड बांधू नये. घोणशीच्या संशयात जखम चोळू नये, कापू नये, दाबून रक्त काढू नये. दोरी आवळून बांधल्याने पाय सडतो, विष थांबत नाही.

तोंडातून काही देऊ नये. तूप, हळदीचे पाणी, मिरची, झाडपाल्याचा रस, गावोगावी वेगवेगळे आहे. मण्यार-नागाच्या विषाने गिळण्याची ताकद गेलेली असते आणि हे सगळे फुप्फुसात जाते. कोंबडी लावण्याचा प्रकारही अजून चालतो, त्यात कोंबडी आणि वेळ दोन्ही जातात. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी तर विषच आहे.

साप पकडून किंवा मारून डॉक्टरकडे न्यायची गरज नसते. औषध चारही सापांवर एकच आहे. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर चांगले, नाही मिळाला तरी चालते. मेलेल्या, मुंडके तुटलेल्या सापाकडूनही दंश होऊ शकतो.

औषध आणि त्याचे गणित

लोक याला ‘लस’ म्हणतात, पण ती आधी टोचून ठेवायची गोष्ट नव्हे. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात, ते हे औषध. डॉक्टर त्याला एएसव्ही म्हणतात. पिंपरीची हाफकिन, जुन्नरजवळच्या नारायणगावातली प्रीमियम सीरम्स, हैदराबादची व्हिन्स अशा ठिकाणी ते तयार होते. त्यासाठी लागणारे विष वर्षानुवर्षे मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. जनावरांसाठी वेगळे औषध नाही. पशुवैद्य हेच वापरतात.

एक मिलिलिटर औषध नागाचे आणि घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचे आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करते. दहा मिलिलिटरच्या एका बाटलीने घोणशीचे सहा मिलिग्रॅम विष निभावते आणि घोणस एका दंशात त्याच्या कित्येक पट विष सोडू शकते. म्हणून ‘कुत्रे लहान आहे, एक बाटली पुरे’ हा हिशेब चुकीचा आहे. सापाने सोडलेले विष जनावराच्या वजनावर ठरत नाही. उलट लहान अंगात तेच विष जास्त भारी पडते. एका बाटलीला काही शे रुपये लागतात, बाटल्या अनेक लागू शकतात, वर सलाईन आणि इतर औषधे. खर्च काही हजारांत जातो हे आधी धरून चालावे. पैशाचे बोलणे डॉक्टरांशी सुरुवातीलाच मोकळेपणाने झाले तर अर्ध्या उपचारावर थांबायची वेळ येत नाही.

औषध घरी टोचायचे नाही. ते सलाईनमधून शिरेतच द्यावे लागते, दंशाभोवती टोचून उपयोग नाही आणि घोड्याच्या रक्तातले असल्याने रिॲक्शन येऊन जनावर कोसळू शकते. त्या वेळी ॲड्रेनलिन हाताशी लागते. घोणस-फुरशाचा संशय असेल तर डॉक्टर थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे हलवता ठेवतात असे नाही, उलट न हलवता ठेवतात. ते गोठले नाही तर विष भिनल्याचे कळते. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिनची जोड मिळते, मण्यारीत तिचा फारसा उपयोग होत नाही. मण्यारीच्या दंशात कधी कधी श्वास तासन्‌तास हाताने फुगा दाबून चालू ठेवावा लागतो. ती सोय कोणाकडे आहे हेही विचारून ठेवण्यासारखे.

तेव्हा पावसाळ्याआधी एक दिवस काढावा. जवळच्या दोन-तीन पशुवैद्यांना विचारावे : एएसव्ही ठेवता का, रात्री येता का, नसेल तर चिठ्ठी देणार का. मग कोणत्या मेडिकलमध्ये बाटल्या असतात ते बघावे. पातळ स्वरूपातले औषध फ्रीजमध्ये ठेवावे लागते, पावडर स्वरूपातले बाहेरही टिकते, त्यामुळे खेड्यातल्या दुकानात दुसरेच असण्याची शक्यता जास्त. सीमेवरच्या गावांनी यात राज्य बघू नये. चंदगडच्या शिवारातल्या माणसाला बेळगाव जवळ पडते आणि दोडामार्गच्या माणसाला गोव्यातले दवाखाने. रात्री रस्ता कोणता चालू असतो एवढेच बघावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे १९६२ हा नंबर आहे. माणसाला दंश झाला तर १०८.

साप घराजवळ का येतो

उंदरासाठी. बाकी सगळे नंतर. कुत्र्याचे उरलेले अन्न रात्रभर थाळीत राहिले की उंदीर येतात. पेंड, भुसा, कोंबड्यांचे खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा पिंपात असावे. गोठ्यातली बिळे दगड-सिमेंटने बुजवावीत. जळण आणि शेणी भिंतीला टेकवून न रचता फूट-दीड फूट उंच फळीवर रचाव्यात. गंजीतली वैरण उपसताना आधी काठीने हलवावी, मग हात घालावा. खुराड्याला अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी हवी. मोठ्या भोकाच्या जाळीतून साप आत येतो, अंडे-पिल्लू गिळून फुगतो आणि बाहेर पडता न आल्याने तिथेच बसतो. सकाळी दार उघडणाऱ्या बाईचा हात त्याच्यावर पडतो. अंडी संध्याकाळीच गोळा केलेली बरी. मोरीच्या पाइपाला जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी, घराभोवती दहा-बारा फूट गवत कापलेले, एवढ्याने बराच फरक पडतो.

मांजर उंदीर मारते हे खरे, पण अर्धमेली मण्यार तोंडात धरून घरातही आणते. मांजर रात्री अंथरुणात घेऊन झोपणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जमिनीवर झोपायचेच असेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून.

कार्बोलिक ॲसिड, डांबरगोळ्या, गंधक, लसूण यांनी साप येत नाहीत हा समज बाजाराने जगवला आहे. साप त्यावरून सरपटत जातो. कार्बोलिक आणि डांबरगोळ्यांनी मात्र कुत्री-मांजरे आजारी पडतात, मांजरे विशेष.

साप मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पकडून बरणीत ठेवणेही. महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ नंबर आहे. कर्नाटकात आपल्या रेंज ऑफिसचा आणि वन विभागाला माहीत असलेल्या सर्पमित्राचा नंबर आधीच लिहून ठेवावा. सर्पमित्र येईपर्यंत एकाने लांबून सापावर नजर ठेवावी, बाकीच्यांनी कुत्री आत घ्यावीत. सापाला गळ्यात घालून फोटो काढणारा सर्पमित्र असेल तर पुढच्या वेळी दुसरा शोधावा.

दुभत्या जनावराचा विमा असेल तर दगावल्यावर लगेच पुरू नये. विमा कंपनीला आणि सरकारी पशुवैद्याला कळवून शवविच्छेदनाचा दाखला घ्यावा लागतो आणि कानातला बिल्ला जागेवर लागतो. बिल्ला पडला असेल तर तो नव्याने मारून कंपनीला कळवण्याचे काम साप चावण्याच्या आधीचे.

वाचलेल्या जनावराचेही काम संपत नाही. घोणशीच्या दंशानंतर काही दिवसांनी सुजेच्या जागेचे कातडे काळे पडून गळते, ती जखम माश्यांपासून जपावी लागते. मूत्रपिंडावर परिणाम झाला का हे बघायला रक्ततपासणी करून घ्यावी. किती बाटल्या दिल्या, कोणत्या तारखेला, हा कागद लसीच्या कार्डासोबत ठेवावा. त्याच कुत्र्याला पुन्हा दंश झाला तर औषध आधी दिलेले आहे हे डॉक्टरांना सांगावे लागते, कारण दुसऱ्या वेळी रिॲक्शनचा धोका जास्त असतो.